सिनेमॅटोग्राफीच्या कोर्सला माझे 2,64,540 रुपये गेले, ते असे

आधी आकडे सांगतो. कारण "किती गेले?" असं जो विचारतो, त्याला मी आजवर कमीच सांगत आलोय. आईलाही पूर्ण आकडा माहीत नाही. सीट बुकिंगचे 11,000. पहिला हप्ता 75,000, तो आईच्या भिशीचा. उरलेले 1,50,000 माझ्या नावावर कर्ज, महिना 12,500 प्रमाणे बारा हप्ते. त्या 'बिनव्याजी' कर्जाची प्रोसेसिंग फी 3,540. आणि सिनेमाच्या कॅमेरामनच्या असोसिएशनचं, म्हणजे संघटनेचं, कार्ड काढून देतो म्हणून रोख घेतलेले 25,000, पावती नाही. बेरीज 2,64,540. अंधेरीत पाच महिने पीजीला 9,500 प्रमाणे दिलेलं भाडं यात धरलेलं नाही.

मी या कामात नवखा नव्हतो. कोल्हापुरात सहा वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय, एका सीझनला तीस-पस्तीस. कॅमेरा, गिंबल (कॅमेरा न हलता धरणारा स्टँड), एडिटिंग सगळं हातातलं. पण लग्नात लाइट आपण करत नाही, मंडपवाला करतो. त्याचा हॅलोजन नवरीच्या तोंडावर भसकन पडतो आणि आपण तेवढ्यात भागवतो. मला लाइटिंग शिकायचं होतं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला, तिथल्या पोराला सिनेमाचा कॅमेरा चालवावासा वाटला, तर तो लोभ म्हणायचा का? प्रभात फिल्म कंपनी 1929 साली आमच्याकडेच सुरू झाली, 1933 ला पुण्याला गेली, आणि 1960 साली त्याच स्टुडिओच्या जागेत आजची एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, उभी राहिली. पण तिथल्या तीन वर्षांच्या कोर्सला पदवी लागते आणि माझं शिक्षण बारावी. तिथेच थोड्या दिवसांचे शॉर्ट कोर्सही होतात हे मला कोणी सांगितलं नाही. मीही शोधलं नाही. तुम्ही शोधा.

तर ही अंधेरीतली 'अकॅडमी'. सहा महिने, 2,00,000 अधिक 18 टक्के जीएसटी. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. जाहिरात कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे: मोठ्या डीओपींचे, म्हणजे सिनेमाच्या मुख्य कॅमेरामनचे फोटो, 'शंभर टक्के प्लेसमेंट', 'फक्त तीन सीट शिल्लक'. भिंतीवर 'शासनमान्य' म्हणून फ्रेम केलेला कागद होता. तो उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या धंद्याच्या नोंदणीचा निघाला. आधार आणि पॅन टाकून कोणीही तो ऑनलाइन फुकट काढू शकतो, शिकवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. असा कागद दाखवला तर काय आहे ते नीट वाचा. मी फक्त त्यावरचा अशोकस्तंभ पाहिला.

आता तो दिवस. रात्री झोप लागत नाही ती त्या दिवसामुळे.

ऑगस्ट 2024 मधला तिसरा शनिवार. माझे 86,000 भरून झाले होते, कर्जाची सही बाकी होती. त्या दिवशी 'अ‍ॅलेक्सा मिनी वर्कशॉप' ठेवलं होतं. तो सिनेमाचा कॅमेरा. हॉलमध्ये गेलो तर ट्रायपॉडवर खरोखरच अ‍ॅलेक्सा लावलेला, आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक अटेंडंट बसलेला. पेट्यांवर भाड्याने कॅमेरे देणाऱ्या कंपनीचे स्टिकर. मुंबईत कॅमेरा भाड्याने आला की त्याच्याबरोबर अटेंडंट येतो, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. स्वतःचा कॅमेरा असलेल्या संस्थेत तो कशाला बसेल? 'आमच्याकडे स्वतःचे तीन सिनेमा कॅमेरे आहेत' असं मला सांगितलं होतं. मी ते स्टिकर पाहिले. वाचले. पुढे गेलो.

बावीस जणांना मिळून एक कॅमेरा. प्रत्येकाला व्ह्यूफाइंडरला डोळा लावून फोटो काढायला दीड मिनिट. रेकॉर्डिंग नाही, कारण कार्डच मागवलं नव्हतं. मी अटेंडंटला विचारलं, "दादा, फॉल्स कलर कसा लावायचा?" म्हणजे उजेड कुठे कमी, कुठे जास्त ते स्क्रीनवर रंगांत दाखवणारी सोय. त्याने दाखवलं. त्या पाच महिन्यांत मला खरं काही शिकवणारा तो एकटा. मग हळूच म्हणाला, "भाऊ, हाफ शिफ्टचं बुकिंग आहे. काय विचारायचं ते चारच्या आत विचारून घ्या. परत कधी येईल सांगता येत नाही." याहून स्पष्ट कोण काय सांगणार? परका माणूस मला वाचवायला बघत होता.

चार वाजता पेट्या बंद झाल्या. साडेचारला कौन्सेलर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, "आजच केलं तर प्रोसेसिंग फी अर्धी" म्हणाल्या आणि माझा मोबाइल हातात घेतला. ओटीपी मीच वाचून दाखवला. 1,50,000 माझ्या खात्यात आलेच नाहीत, फायनान्स कंपनीकडून थेट अकॅडमीला गेले. कर्ज माझं, पैसा त्यांचा. क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहतो, ही खरी मेख आहे. फायनान्सवर फी भरायला सांगणाऱ्या कुठल्याही क्लासला ओटीपी देऊ नका. आणि प्रोसेसिंग फी अर्धी झाली नाही, पूर्णच कापली.

तुम्ही म्हणाल, डोळ्यांनी दिसत होतं तरी सही केली? केली. 86,000 आधीच अडकले होते. परत मागितले असते तर फॉर्मवर बारीक अक्षरात 'फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असं छापलेलं होतं. आणि गावाकडे सगळ्यांना सांगून आलो होतो, स्टुडिओ धाकट्या भावाच्या ताब्यात दिला होता. कोणत्या तोंडाने परत जाणार होतो?

शिकवलं काय? आयएसओ, शटर, अ‍ॅपर्चर. जे मी सहा वर्षं रोज हाताळतोय. लाइट मीटर एकदाही हातात आला नाही. थर्माकोल लावून बाउन्स देणं म्हणजे उजेड परतवणं, कटर लावून तो अडवणं, एका लाइटवर चेहऱ्याची एक बाजू राखणं, यातलं काहीच नाही. प्रॅक्टिकलला किट लेन्स लावलेला एक जुना डीएसएलआर. शिकवणारा 'फॅकल्टी' आदल्या बॅचचा विद्यार्थी होता, त्याचा पगारही थकलेला. ज्या डीओपींचा फोटो बॅनरवर होता ते एकदाच दोन तास येऊन गेले. नंतर मी त्यांना मेसेज केला. त्यांनी लगेच उत्तर दिलं की ते फक्त पाहुणे म्हणून आले होते आणि त्यांचं मानधनही मिळालेलं नाही. प्रवेश घेण्याआधी बॅनरवरच्या माणसाला सरळ विचारा. मला हे जानेवारीत सुचलं.

कार्डासाठी मी स्वतः संघटनेच्या ऑफिसात गेलो. तिथले कारकून शांतपणे म्हणाले, "कुठल्याही क्लासमार्फत आम्ही कार्ड देत नाही." तेही जानेवारीतच. त्याच महिन्यात अकॅडमीला कुलूप लागलं.

मग पोलीस. अंधेरीतल्या ठाण्यात अडीच तास बाकावर बसवलं. साहेब म्हणाले, "पाच महिने क्लास केलास ना? मग फसवणूक कसली? हा सिव्हिल मॅटर आहे." पावत्या दाखवल्या, पाहिल्या नाहीत. अ‍ॅलेक्साचं सांगितलं, तर "कॅमेरा दाखवला होता ना?" असं उत्तर. पुन्हा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेलो तर "तू कोल्हापूरचा, तिकडे तक्रार दे". गावाकडच्या ठाण्यात गेलो तर "गुन्हा मुंबईत घडलाय, आमच्या हद्दीत येत नाही". 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द कुठलीही असो, एफआयआर नोंदवता येतो. हे मी छापून घेऊन गेलो. हवालदाराने कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. त्या कपाखाली माझ्या आईची भिशी होती, साहेब. रात्रीच्या गाडीने यायचं, दिवसभर उभं राहायचं, रात्रीच्या गाडीने परत. अशा सहा फेऱ्या झाल्या. चोरी झाली तर निदान पंचनामा करतात, आम्हाला तर मूर्ख ठरवून बाहेर काढलं. सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तर अकॅडमीने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रारच बंद केली! उत्तर देत नाहीत हीच तर माझी तक्रार होती. फायनान्सवाल्याने सांगितलं, "क्लासशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल." संबंध नाही, तर त्यांचा एजंट क्लासच्या केबिनमध्ये टेबल टाकून कसा बसला होता?

पोलिसांनी नाकारलं तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. फायनान्स कंपनीला ईमेलवर तक्रार करा, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पावतीवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहायला एक मिनिट लागतं. माझ्या पावतीवरचा रद्द झालेला निघाला. म्हणजे 'टॅक्स' म्हणून घेतलेले 36,000 गेले कुठे? रोखीने एक रुपयाही देऊ नका. माझे 25,000 तर कागदावर कुठेच नाहीत, आयोगात दाखवायलाही पुरावा नाही.

2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा टाकता येतो, मुंबईला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. बावीसपैकी आम्ही सात जण एकत्र आलोय. बाकीचे लाजेने गप्प आहेत. मीही आठ महिने गप्प होतो.

आणि आता त्याच अकॅडमीवाल्या माणसाची नव्या नावाने जाहिरात आलीये, ठाणे शहरात. फोटोत तोच हॉल, ट्रायपॉडवर तोच अ‍ॅलेक्सा, आणि कोपऱ्यात व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उभा असलेला मी.