कंपवाताचा आवाज, कंपवात झालेल्याच्याच तोंडून

बाबांना कंपवात होऊन सहा वर्षं झाली. पुस्तक हातात धरलं की पान थरथरतं, ओळ सुटते. म्हणून त्यांच्यासाठी, कंपवात झालेला हॉलिवूड अभिनेता मायकल जे. फॉक्सच्या 'नो टाइम लाइक द फ्यूचर'चं ऑडिओबुक घेतलं. 2020 चं पुस्तक, वाचलंयही त्यानेच.

हा एडमंटनला जन्मलेला, बर्नबीत वाढलेला कॅनेडियन पोरगा शाळा अर्धवट सोडून लॉस एंजेलिसला गेला. दिवसा 'फॅमिली टाइज' ही टीव्ही मालिका, रात्री 'बॅक टू द फ्यूचर' हा सिनेमा असं शूटिंग त्याने केलं. 1991 मध्ये, 29व्या वर्षी कंपवाताचं निदान झालं आणि सात वर्षं त्याने ते जगापासून लपवलं. पण त्या दिवसांचे किस्से हवे असतील तर त्याचं 2002 चं पहिलं आत्मकथन घ्या. इथे भर आहे तो 2018 वर.

त्या वर्षी त्याच्या पाठीच्या कण्यातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. पुन्हा चालायला शिकला. आणि चार महिन्यांत स्वयंपाकघरात पडून दंडाचं हाड मोडून घेतलं. धातूची पट्टी आणि 19 स्क्रू बसवावे लागले. घरात एकटाच. आयुष्यभर लोकांना आशावाद सांगणारा माणूस फरशीवर पडल्या पडल्या स्वतःवरच चिडतो, आपण लोकांना खोटा दिलासा दिला की काय, असं त्याला वाटतं. इथे बाबा म्हणाले, "थांबव जरा." बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मागे घे, परत लाव." गेल्या वर्षी तेही न्हाणीघरात पडले होते आणि दोन दिवस आम्हाला बोलले नव्हते.

फॉक्सचे उच्चार कधी एकमेकांत मिसळतात, वाक्याचा शेवट गिळला जातो. वेग वाढवू नका, शब्द हातचे जातील. कोणा सराईत निवेदकाने वाचलं असतं तर ऐकायला सोपं गेलं असतं, पण मला ते नको होतं. बाबांचाही आवाज असाच बारीक झालाय. फोनवर लोक "काय? काय?" करतात, म्हणून ते हल्ली फोन घेतच नाहीत.

गोल्फची प्रकरणं लांबली आहेत, आम्ही पुढे ढकलली. संवाद लक्षात राहीनात म्हणून अभिनयातून दुसऱ्यांदा निवृत्त व्हायचं त्याने कसं ठरवलं, तो भाग मात्र सावकाश ऐका. रडगाणं नाही, हिशोब मांडल्यासारखं सांगतो.

काल बाबांनी आत्याला स्वतःहून फोन लावला. तिला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. त्यांनी दोन्ही वेळा परत सांगितलं.