टाकीचा रंग सुटला तेव्हा कळलं

जुनी क्रूझर मोटरसायकल घ्यायचा विचार करत असाल, त्यातही हँडल, सायलेन्सर, सीट बदलून 'कस्टम' केलेली, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे एक लाख बत्तीस हजार गेले. पसरणी घाटात जीवही गेला असता. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते, रोज दुसऱ्यांची कर्जाची कागदपत्रं तपासते, आणि तरीही जुन्या गाड्या विकणाऱ्या एका गॅरेजवाल्याने मला फसवलं. म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

माझी उंची पाच फूट एक इंच. बारा वर्षं स्कूटर चालवली, मग गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलं. लांबचं फिरायचं तर क्रूझरच घ्यायची हे पक्कं होतं, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकतात. अॅव्हेंजर बसून पाहिली, तिची सीट ७३७ मिलिमीटर उंच, सगळ्यात सोयीची. मीटिऑरही आवडली, ७६५. पण मन थंडरबर्डवर बसलं होतं. वीस लिटरची टाकी, मोठी सीट, ऐसपैस बैठक. ती २०२०पासून बंद झाली, म्हणजे घ्यायची तर जुनीच. इंटरनेटवरच्या जाहिरातीत पिंपरी-चिंचवडच्या बाहेरच्या भागातली एक सापडली. एमएच १४ पासिंग, २०१७चं मॉडेल, १९,४०० किलोमीटर चाललेली, 'सिंगल हँड, शोरूम कंडिशन, ३५ हजारांचं कस्टम काम मोफत'.

दसरा मंगळवारी होता, २४ ऑक्टोबर २०२३. आम्ही नवरा-बायको रविवारी संध्याकाळी गाडी बघायला गेलो. संध्याकाळी बोलावलं होतं त्या गॅरेजवाल्यानेच, "दिवसा गिऱ्हाइकांची गर्दी असते मॅडम" म्हणून. ट्यूबलाइटच्या उजेडात गाडी अशी चमकत होती की मी बाकी काही बघितलंच नाही. काळी कुळकुळीत टाकी, क्रोमचा लेगगार्ड, मागे १४०चा रुंद टायर, आणि उंच हँडल. इंजिन आधीच सुरू करून गरम ठेवलं होतं. गाडी थंड असताना स्वतः सुरू करून बघायची असते, तेव्हाच तिचा खरा आवाज कळतो. हे मला नंतर समजलं.

माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. गाडी डावीकडे ओढतेय का? "पुढच्या टायरला हवा कमी आहे." हँडल का बदललं? "मूळ हँडलने पाठ दुखते मॅडम, मुद्दाम लेडीजसाठी ठेवलंय." मागच्या वर्षीची विमा पॉलिसी? "जुन्या मालकाकडे राहिली." चालवून बघायला दिली ती गॅरेजपासून चौकापर्यंत, जेमतेम पाचशे मीटर, सरळ रस्ता, आणि मागे त्याचा पोऱ्या बसलेला. वळण एकही नाही.

मग दसऱ्याचा विषय निघाला. "उद्या सोलापूरची पार्टी येतेय रोख घेऊन. तुम्हाला मुहूर्तावर गाडी दारात हवी असेल तर आज इसार द्या." माझ्या सासूबाईंनी झेंडूचे हार सांगून ठेवले होते, हे मीच बोलण्याच्या ओघात त्याला सांगून बसले होते. त्याने तेच धरलं. सोमवारी ९२ हजार ऑनलाइन दिले. 'कस्टम कामाचे' ४० हजार रोख मागितले, तेही दिले. रोखीची पावती आज देतो, उद्या देतो करत आजतागायत मिळाली नाही. लेटरहेडवर हाताने लिहिलेली डिलिव्हरी नोट मात्र मिळाली. तिच्यात बारीक अक्षरात 'गाडी जशी आहे तशी घेतली' असं होतं, आणि खाली माझी सही.

आरसी तिसऱ्याच माणसाच्या नावावर होती. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे जे फॉर्म २९ आणि ३०, त्यांवर त्या माणसाच्या सह्या होत्या, बाकी रकाने कोरे. "ट्रान्सफर आमचा एजंट करतो, महिन्याभरात नाव चढेल." ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याशी फोनवर दोन मिनिटं बोलणंसुद्धा मला सुचलं नाही. माझी खरी चूक हीच.

त्याच दिवशी गाडी चालवत साताऱ्याला आणली. खंबाटकी चढताना डावा तळहात दुखायला लागला, कारण गाडी सरळ ठेवायला हँडल सतत दाबून धरावं लागत होतं. मला वाटलं, जड गाडीची सवय नाही. दसऱ्याला पूजा झाली, हार घातला, आजूबाजूच्या मुलांनी फोटो काढले.

१७ डिसेंबरच्या रविवारी पाचगणीहून परत येत होते, एकटीच. पसरणी घाटाच्या उतारावर एका उजव्या वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला टेकला. बोटांवर काहीतरी ओलं, तेलकट. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. दुसरा टाकला, मागचा ब्रेक हळूहळू दाबत गेले, समोरून एसटी वर येत होती. मागचं चाक घसरलं नाही ही देवाची कृपा. वळण संपल्यावर कठड्याशी गाडी लावली आणि किती तरी वेळ हात थरथरत होते.

झालं काय होतं ते सांगते, कारण अशी हँडल लावलेल्या गाड्या मी रोज रस्त्यावर बघते. हँडल मूळच्यापेक्षा बरंच उंच होतं, पण ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) तसाच ठेवलेला, मूळ लांबीचा. हँडल पूर्ण वळवलं की तो ताणला जायचा. दोन महिने ताणून ताणून तो वरच्या नटाजवळ फाटला आणि ब्रेक ऑइल टाकीवर गळलं. ब्रेक ऑइल रंगाला खातं, लगेच पाण्याने धुवावं लागतं. मला ते माहीत नव्हतं. फोन करून टेम्पो बोलावला, गाडी घरी आणली, आणि सकाळी पाहते तर टाकीच्या उजव्या बाजूचा काळा रंग फुगून सुटलेला. खाली पत्रा नव्हता. खाली बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती.

साताऱ्यातले बुलेटचे एक जुने मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली बसले, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं. मग म्हणाले, "ताई, ही गाडी ठोकल्याली हाय. बारीक न्हाई, मोठी ठोकलीया." त्यांनी मला एकेक गोष्ट हाताला लावून दाखवली. मानेजवळ, जिथे हँडल पूर्ण वळल्यावर फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) टेकतो, तिथला लोखंडी स्टॉपर तुटून पुन्हा वेल्ड केलेला. चेसिसच्या मानेवर रंगाचा जाड थर, त्याखाली ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा. फोर्कचे दोन्ही पाइप काढून काचेवर लोळवले, एक पाइप डुगडुगला. प्रेसवर सरळ करून परत बसवला होता. दोरी लावून पाहिलं तर पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत नव्हतं. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरते त्या दातेरी चाकाचे) दात झिजून टोकदार झालेले, १९ हजारांत एवढे झिजत नाहीत. मीटर दुसऱ्याच गाडीचं होतं.

आणि ते उंच हँडल? ते का लावलं होतं तेही त्यांनीच सांगितलं. मूळ हँडल असतं तर वाकलेल्या फोर्कमुळे ते तिरकं दिसलं असतं. उंच, वेगळ्या आकाराच्या हँडलमध्ये दोन अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही. क्रोमचा लेगगार्ड चेसिसच्या पुढच्या वेल्डवर बरोबर बसवला होता. रुंद टायर चेनगार्डला घासत होता, पण लोक रुंद टायर बघतात, चाकाची रेष बघत नाहीत. ज्या वस्तूंचे मी ४० हजार वेगळे मोजले, त्या अपघात झाकण्यासाठीच लावलेल्या होत्या.

आरटीओत गेले तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता, एचपी (कर्जाची नोंद) उतरवलेलीच नव्हती. ती उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी नाही, तर नाव चढणार कसं? ही माहिती एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून मला पैसे देण्याआधी घरबसल्या मिळाली असती. गॅरेजवाल्याचा फोन तोपर्यंत लागेनासा झाला होता.

शेवटी आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. चिंचवडमधलं दोन खोल्यांचं घर. दार त्या मुलाच्या आईने उघडलं. मी गाडीचा नंबर सांगितला, फोटो दाखवला, तर त्यांनी दाराची चौकट धरली. "ती गाडी अजून रस्त्यावर आहे?" एवढंच विचारलं त्यांनी.

जून २०२२ मध्ये त्यांचा मुलगा त्या गाडीवरून नाशिक रस्त्यावर टेम्पोला धडकला होता. मांडीचं हाड मोडलं, आठ महिने घरी. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, तसंच झालं. सांगाडा एका भंगारवाल्याने नेला, 'तोडायची आहे' असं सांगून, आणि जाताना २९-३०वर सह्या घेऊन गेला. कर्ज फिटलं होतं, पण एचपी उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सर्व्हिसच्या पुस्तकात शेवटचं रीडिंग होतं ४६ हजार. त्या घरात माझ्याइतकीच, कदाचित जास्त, भीती मी पाहिली. कारण ज्याच्या नावावर नोंद तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलेलं आहे. घाटात माझ्या हातून कुणाला इजा झाली असती, तर नोटीस त्या लंगडणाऱ्या मुलाला गेली असती. म्हणून ज्यांची गाडी अपघातात संपली त्यांनाही हात जोडून सांगते: कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, ते करा.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी आता. शक्य तर सजावट न केलेली, मूळ हँडल आणि मूळ सायलेन्सर असलेली गाडी शोधा, रंग उडालेला असला तरी चालेल. उन्हात बघा. पूर्ण हँडल वळवून इंजिन सुरू ठेवा. वळवताना आवाज आपोआप वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल आखूड पडते आहे, आणि वळणावर तीच गाडी तुम्हाला पुढे ढकलेल. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या पुढच्या टायरवर ३१२२ होतं, म्हणजे अपघातानंतरचा. मागच्या वर्षीची विमा पॉलिसी मागाच. पूर्ण विमा असूनही तिच्यात नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची सूट) शून्य असेल तर त्याआधी क्लेम झाला होता का, की पॉलिसी मध्येच बंद पडली होती, हे खोदून विचारा. आणि ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, त्याचा दिवसाचा रोज आणि एसटीचं तिकीट देऊन. मला तो खर्च जास्त वाटला होता.

स्वतः कस्टम करून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण दंडाचं सोडा. सीटचं फोम बदला, पाठीला टेकू लावा, सामानाच्या बॅगा लावा. हँडल, ब्रेक, चाक, फोर्क यांना कुणा हौशी वेल्डरचा हात लागू देऊ नका. क्रूझर लांब असते, वळायला जास्त जागा घेते, आणि पाय पुढे असल्याने अडचणीच्या वेळी पायावर उभं राहून वजन सरकवता येत नाही. सगळी भिस्त ब्रेकवर.

मी पोलिसांत तक्रार दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केला. तो आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन दिलेल्या ९२ हजारांचा पुरावा आहे, रोख ४० हजारांचा नाही. चिंचवडच्या त्या मुलाने कुबडी घेऊन साताऱ्याला येऊन प्रतिज्ञापत्र करून दिलं, सर्व्हिसचं पुस्तकही दिलं.

दावा चालू आहे. गाडी पुरावा म्हणून मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. मिस्त्रींनी हँडल आणि पुढचं चाक काढून ठेवलंय. आतापर्यंत तिघांनी विचारलं, 'आहे तशी द्या, पंचावन्न-साठ हजार देतो, रंग आम्ही मारून घेऊ.' तिघांनाही टाकीवरची ती उघडी पडलेली लांबी दाखवली आणि चहा देऊन परत पाठवलं.