टीझेडएम सळ्या: चिंचोळीतल्या व्हॅक्यूम फर्नेससाठी घ्याव्यात का?

मॉलीची (मॉलिब्डेनम धातूची) सळई घेताना पहिला प्रश्न हमखास शुद्धतेचा असतो. 99.95 टक्के आहे ना? हर्थच्या, म्हणजे भट्टीत माल ठेवायच्या बैठकीच्या कामासाठी हा प्रश्न दुय्यम आहे. शुद्ध मॉलिब्डेनम 2620 अंश सेल्सिअसला वितळतं खरं, पण साधारण 1100 अंशांवरच त्याचे ओढून लांब केलेले ग्रेन (धातूचे स्फटिककण) जाऊन तिथे नवे, जाडे ग्रेन तयार होतात. मग सळई भट्टीत वजनाखाली झोल खाते आणि थंड झाल्यावर फरशीवर पडली तरी तुटते. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत 1150 ते 1200 अंशांवर निकेल ब्रेझिंग (वितळलेल्या निकेल मिश्रधातूने भाग जोडणं) करायचं असेल तर वजन पेलणारे रेल टीझेडएमचेच, म्हणजे टायटॅनियम-झिर्कोनियम घातलेल्या मॉलीचेच टाकावेत. जास्तीचे पैसे इथे वसूल होतात.

टीझेडएममध्ये टायटॅनियम 0.40 ते 0.55, झिर्कोनियम 0.06 ते 0.12 आणि कार्बन 0.01 ते 0.04 टक्के असतो. मात्रा एवढीशी, पण त्यातून तयार होणारे बारीक कार्बाइड (कार्बनची संयुगं) ग्रेनच्या सीमा अडवून धरतात. त्यामुळे ग्रेन बदलायचं तापमान 1400 च्या आसपास जातं. दुकानदार पर्याय म्हणून लॅन्थॅनम ऑक्साइड घातलेली मॉली दाखवतो. तीही चांगली आहे, फक्त काम वेगळं. ओढकामात ऑक्साइडच्या रांगा सळईच्या लांबीत पसरतात, म्हणून नवे ग्रेनही लांबट आणि एकमेकांत गुंतलेले येतात आणि तापून गेलेली पट्टी पटकन तुटत नाही. हीटरच्या पट्ट्या आणि पिना तिच्या घ्याव्यात. रिफ्लेक्टरच्या पत्र्याला शुद्ध मॉली पुरते.

हीच दिशा ओढकामाऐवजी धातू गोठतानाच देता आली तर? मॉलिब्डेनम-सिलिकॉन-बोरॉनच्या मिश्रधातूंवर तसं संशोधन झालं आहे. दाबलेल्या पावडरीची सळई उभी धरून तिचा फक्त अरुंद पट्टा वितळवायचा आणि तो पट्टा हळूहळू पुढे सरकवायचा. मूस लागतच नाही, कारण एवढा तापलेला रस मुशीलाच खातो. मागावरच्या ताण्यासारखी रचना सळईच्या लांबीत उभी राहते. आडव्या सीमा कमी झाल्या की तापात सळई सावकाश ताणली जाण्याचा वेगही घटतो. मात्र त्यातले सिलिसाइड (सिलिकॉनची संयुगं) खोलीच्या तापमानाला ठिसूळ असतात, आणि 650 ते 750 अंशांच्या हवेत संरक्षक बोरोसिलिकेट काच नीट धरायच्या आत मॉली ऑक्साइड होऊन उडते. हा माल टर्बाइनच्या पात्यांसाठी तपासला जातोय. हर्थसाठी त्याची वाट पाहू नये.

आता टीझेडएम तपासून घेण्याबद्दल. 10 मिमी व्यासाची, एक मीटर सळई सुमारे 800 ग्रॅम भरायला हवी. 750-760 भरली तर ती फक्त सिंटर केलेली (पावडर दाबून भाजलेली) आहे, ओढकाम नीट झालेलं नाही, परत करावी. वजनावरून शुद्ध मॉली आणि टीझेडएम ओळखू येत नाहीत. त्यासाठी एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) लावून टायटॅनियम-झिर्कोनियम बघावं. गनला कार्बन दिसत नाही, म्हणून लॉटचा कार्बन रिपोर्ट वेगळा मागावा. टोकांना भिंगातून पापुद्रे दिसले तर कापणी शिअरवर (कात्रीसारख्या यंत्रावर) झाली आहे. वायरकटची (तारेच्या ठिणगीने केलेली) कापणी मागितलेली बरी.

बसवताना घाई नको. 600 मिमीचा रेल 1200 अंशांवर साडेतीन ते चार मिमी वाढतो, म्हणून एका टोकाला गोल भोक आणि दुसऱ्या टोकाला लांबट खाच ठेवावी. दोन्ही टोकं आवळली की रेल वाकतो आणि दोष मात्र मालाला दिला जातो. मॉलीचे नट-बोल्ट पहिल्याच हीटमध्ये चिकटू शकतात, पिना सोयीच्या. रेलवर निकेलचे जॉब (जोडायचे भाग) थेट ठेवू नयेत. निकेल-मॉलीचं युटेक्टिक (सर्वात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण) 1310 अंशांच्या आसपास असलं तरी त्याच्या बऱ्याच खाली दोन्ही धातू एकमेकांत शिरून चिकटतात. मध्ये अॅल्युमिनाची पट्टी हवीच. ग्राफाइटचाही थेट संपर्क टाळावा, कार्बाइड होऊन वरचा थर ठिसूळ होतो.

200 अंशांच्या खाली आल्याशिवाय दार उघडू नये. 400 च्या पुढे हवा लागली की मॉली ऑक्साइड होते आणि 700 च्या पुढे तर ते ऑक्साइड धुरासारखं उडून थंड भिंतींवर पांढरट-पिवळट बसतं. असा थर दिसला तर रेल बदलण्याआधी लीक रेट (भट्टीत हवा शिरण्याचा वेग) मोजावा.

सोलापूरच्या उन्हाळ्याची भीती कूलिंग टॉवरला वाटते तेवढी नसते, हवा कोरडी असल्याने तो बऱ्यापैकी चालतो. बोअरचं जड पाणी मात्र भट्टीच्या जॅकेटमध्ये (भिंतीतल्या पाण्याच्या पोकळीत) थेट फिरवू नये. क्षार बसतात, भिंत गरम राहते, सील जातात. मॉलीला खरा त्रास पावसाळ्यात होतो. उघड्या दारातून भिंतीच्या थरात ओल शिरते आणि तापल्यावर तीच वाफ मॉलीला खाते. चार्ज (जॉबचा भरणा) लावला की लगेच दार लावावं, आणि सुट्टीत रिकामी भट्टीही रफिंग व्हॅक्यूमवर (पहिल्या पंपाच्या साध्या निर्वातावर) ठेवावी.