पुण्यासाठी बीआरटी की मेट्रो?

कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेली जलद बससेवा, आली 2006 मध्ये. मेट्रो धावायला मार्च 2022 उजाडला.

क्षमतेत मेट्रोला तोड नाही. तीन डब्यांत साधारण 900 माणसं धरली आणि दर सहा मिनिटांनी गाडी सोडली, तर तासाला एका दिशेने 9,000. सत्तर जणांची बस दर दोन मिनिटांनी सुटली तरी 2,100च. मात्र स्टेशन गाठायला फीडर बस लागते. ती वेळेवर नसेल तर माणूस दुचाकीच काढतो.

बीआरटी स्वस्त, लवकर होणारी. पण ती बिघडते चौकात. मार्गिकेत दुचाक्या घुसतात, सिग्नलला बसला प्राधान्य नसतं आणि वाचवलेली मिनिटं तिथेच संपतात. दुसरं दुखणं थांब्यावरचं. बस फलाटापासून फूटभर लांब थांबली की म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. त्यासाठी बसची फरशी आणि फलाट एका उंचीवर हवेत, चालकासाठी रस्त्यावर ठळक रेघ हवी. एक बस बंद पडली की मागच्या सगळ्या अडकतात, म्हणून थांब्यापाशी जादा मार्गिका ठेवावीच.

वनाज–रामवाडीसारख्या दाट पट्ट्यात मेट्रोच योग्य. रुंद उपनगरी रस्त्यांवर मात्र आधी बीआरटी नीट चालवा, मार्गिका उखडू नका.