जुन्या संगणकासाठी बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर : वापरानंतरचा अभिप्राय

वसमतमधील आमच्या वाचनालयाचा संगणक 2005 सालचा आहे. पुस्तकांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालते, म्हणून तो आम्ही बदललेला नाही. मात्र यंदा उन्हाळ्यात त्याचा आतला डीव्हीडी ड्राइव्ह कायमचा बंद पडला आणि जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने ज्या 34 डिस्कवर आहेत, त्या वाचण्याचे साधनच उरले नाही. नांदेडच्या एका दुकानातून 1600 रुपयांना यूएसबीवर चालणारा पातळ डीव्हीडी रायटर आणला. खोक्यावर ‘सर्व संगणकांना चालतो’ असे छापले होते आणि दुकानदारानेही तेच सांगितले.

पुढच्या बाजूच्या पोर्टला जोडताच दिवा लागला, डिस्क फिरू लागल्याची घरघर ऐकू आली, मग ‘टक्’ असा आवाज होऊन दिवा विझला आणि काही क्षणांनी हेच चक्र पुन्हा सुरू झाले. ड्राइव्ह परत करण्याच्याच बेतात होतो. पण पुतण्याच्या नव्या लॅपटॉपवर तोच ड्राइव्ह, तीच डिस्क विनातक्रार चालली.

अडचण विजेची होती. यूएसबी 2.0 च्या पोर्टकडून मानकानुसार 500 मिलिअँपिअर वीज मिळते, यूएसबी 3.0 कडून 900. थांबलेली डिस्क वेग घेते त्या क्षणी असा ड्राइव्ह 500 हून अधिक वीज ओढू शकतो, आणि पुढचे पोर्ट मदरबोर्डला (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाला) बारीक तारांनी जोडलेले असल्याने तिथे विजेचा दाब आणखी उतरतो. मागच्या पोर्टला लावल्यावर सीडी वाचल्या गेल्या, डीव्हीडी मात्र अर्ध्यावर थांबत राहिल्या. शेवटी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी, मध्ये जोडला, तेव्हा घरघर स्थिर झाली. अडॅप्टर नसलेला हब घेऊन उपयोग नाही, कारण तो एकाच पोर्टची वीज चार ठिकाणी वाटतो. दोन पोर्टमधून वीज घेणारी दुतोंडी केबलही मिळते. ती खोक्यातच द्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगाचे दुखणे वेगळे होते. आमच्या संगणकावर एक्सपी अगदी जुन्या सीडीवरून टाकलेली होती आणि तिला यूएसबी 2.0 ओळखताच येत नव्हते. ती सोय एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 1 पासून, म्हणजे नंतर आलेल्या सुधारणांच्या पहिल्या संचापासून, आली. त्यामुळे सेकंदाला 480 मेगाबिटऐवजी 12 मेगाबिटच मिळत होते आणि एक भरलेली डीव्हीडी उतरवायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागे. सर्व्हिस पॅक आणि मदरबोर्डचा ड्रायव्हर (तो एक्सपीला ओळखू देणारे छोटे सॉफ्टवेअर) टाकल्यावर तेच काम पंधरा मिनिटांच्या आत होऊ लागले. डीव्हीडी लिहिण्यासाठी एक्सपीला वेगळे सॉफ्टवेअर लागते, हेही खोक्यावर कुठे लिहिलेले नाही.

आमच्यासारखी ज्यांच्याकडे वीज जाते, त्यांनी हबचा अडॅप्टरही यूपीएसलाच लावावा. आम्ही तो भिंतीवरच्या बोर्डाला लावला होता. वीज गेल्यावर संगणक चालू राहिला आणि ड्राइव्ह तेवढा बंद पडून चालू कॉपी वाया गेली.

ड्राइव्ह चांगला आहे, आवाज कमी करतो आणि ओरखडे आलेल्या डिस्कही चिकाटीने वाचतो. मात्र जुना संगणक असलेल्यांनी हबचा खर्च किमतीत धरूनच तो घ्यावा. आमच्या 34 पैकी 31 डिस्क उतरवून झाल्या आहेत. उरलेल्या तिघींचा चकाकता थरच निघालेला आहे, त्याचा दोष ड्राइव्हला देता येणार नाही.