मणक्याचा टीबी: नुसत्या गोळ्या की ऑपरेशनही?

माझी भाची तेरा वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला जमिनीवरचं नाणं उचलायला सांगितलं. ती वाकलीच नाही. पाठ ताठ ठेवून, एक हात मांडीवर टेकवून ती गुडघ्यांत बसली आणि नाणं उचललं. चार महिने आम्ही त्या पाठदुखीला दप्तराचं ओझं म्हणत होतो.

एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला आणि घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, पोरीच्या पाठीला सुरी लावायची नाही. काका म्हणाले, एकदाचं ऑपरेशन करून मोकळे व्हा. चूक दोघांचीही एकच होती: गोळ्या किंवा ऑपरेशन, दोन्हींपैकी एकच, असं ते धरून बसले होते. गोळ्या दोन्ही वाटांवर आहेतच. ऑपरेशनने पू निघतो, मज्जारज्जूवरचा दाब उतरतो, मणक्याला आधार मिळतो. जंतू मारायचे ते औषधांनीच. भारतातल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मणक्याच्या टीबीचा कोर्स १२ महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे दहा महिने तीन. काहींना तो १८ महिन्यांपर्यंत वाढवावा लागतो. स्क्रू बसवले म्हणून कोर्स आखूड होत नाही.

कुठलीही वाट धरा, आधी सुईने नमुना घेऊन तपासणी करा. सीबीनॅट या टीबीच्या चाचणीत रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हे काही तासांत कळतं. नमुना न घेता सुरू केलेल्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, तर मधले महिने फुकट जातात.

गोळ्या आणि ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा) ही वाट बहुतेकांना पुरते. पायांत ताकद शाबूत आहे, एखाद-दोन मणकेच खराब आहेत, कुबड फारसं नाही, अशांना तर नक्कीच. पूर्वी अशा मुलांना महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये निजवून ठेवत. मद्रास आणि कोरियातल्या चाचण्यांत दिसलं की चालत्याफिरत्या रुग्णांनाही नुसत्या औषधांनी गुण येतो. बनारसचे हाडांचे सर्जन डॉ. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘मधला मार्ग’ही हाच: आधी औषध, आणि ज्याला गरज त्यालाच ऑपरेशन.

ही वाट सोपी मात्र नाही. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. आमच्याकडे त्यावरून रडारड झाली. भूक मेली, उलट्या होऊ लागल्या, डोळे पिवळे दिसले तर यकृताची तपासणी लगेच. लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ होत असेल तर एथॅम्ब्युटॉल या कोर्समधल्या औषधाचा संशय घ्यायचा. ब्रेस मे महिन्यात नकोसा होतो. आत सुती बनियन घालायची आणि दिवसातून दोनदा बदलायची. आणि दुखणं थांबलं की गोळ्या चुकायला लागतात. खरी राखण तेव्हाच करावी लागते.

ऑपरेशन कोणाला? पाय लुळे पडायला लागलेत, लघवीवरचा ताबा सुटतोय, मणका ढासळून डुगडुगतोय, औषध चालू असूनही आजार वाढतोय, अशांना. टीबी असलेल्या जागी धातू कसा बसवतात, ही भीती मलाही होती. पण टीबीचे जंतू इतर काही जंतूंसारखे धातूवर घट्ट थर करून बसत नाहीत, म्हणून स्क्रू-रॉड चालतात. भूल, रक्तस्राव आणि नसेला इजा हे धोके उरतातच, आणि जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही.

पण किशोरवयात निर्णय फिरतो तो वाढीवर. कोइंबतूरचे मणक्याचे सर्जन डॉ. राजशेखरन यांनी लहानपणी हा आजार झालेल्या मुलांचा १५ वर्षं पाठपुरावा केला आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. टीबी बरा झाल्यावरही ३९ टक्के मुलांचं कुबड वाढीच्या वयात वाढत गेलं. ४४ टक्क्यांचं आपोआप कमी झालं. कोणाचं वाढेल, हे ओळखायला त्यांनी एक्स-रेवरच्या चार खुणा दिल्या. त्यातल्या दोनाहून अधिक दिसल्या तर धोका मोठा. म्हणून एक्स-रे अगदी सारखाच असला, तरी तो अकरा वर्षांच्या मुलाचा असेल तर मी ऑपरेशनकडे झुकेन, सतरा वर्षांच्याचा असेल तर थांबून बघेन. डॉक्टरांना हेच विचारा: वाढ किती उरली आहे, आणि त्या खुणा किती आहेत? गोळ्यांवर राहिलात तर टीबी बरा झाल्यावरही उंची वाढायची थांबेपर्यंत बाजूने काढलेला एक्स-रे चुकवू नका.

पैशांचं थोडक्यात: औषधं सरकारी कार्यक्रमात फुकट, शिवाय टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा.

भाचीला गोळ्या आणि ब्रेस पुरले. त्या वर्षभर ताई रोज तिच्या पायांकडे बघायची. चालताना चप्पल पायातून निसटली आणि मुलाला कळलंच नाही, तर मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो; पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी गाडी काढा.