सम, खुरी की धोरडो? पायी फिरणाऱ्यांनी कुठे जावं

दिवाळी आटोपली, कापूस घरात आला, की जळगाव-धुळे-नंदुरबारकडे 'यंदा राजस्थान की कच्छ' ही चर्चा रंगते. दिवसभर पायी भटकायचं, संध्याकाळी सूर्यास्त बघायचा, रात्री तंबूत झोपायचं, एवढाच बेत असेल तर तीन नावं पुढे येतात: जैसलमेरजवळचं सम, तिथलंच खुरी आणि कच्छच्या रणातलं धोरडो. सूर्य तिन्हीकडे छानच मावळतो. खरा फरक आहे तो चालण्यात, आणि कॅम्पवाल्यांच्या जाहिरातीत नेमकं तेच नसतं.

सम जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर. वाळूच्या टेकड्या फोटोत दिसतात तशाच मोठ्या, डांबरी रस्ता थेट कॅम्पच्या दारात. पण दुपारी चारनंतर उंट, जीप, चहावाले आणि फोटोवाले अशी जत्राच भरते. रात्री कालबेलिया नाच, मग डीजे. मित्रांचा मोठा गोतावळा असेल तर धमाल येते, नाही कशाला म्हणू? चालायला मात्र वाळूचा पट्टा वाटतो तेवढा मोठा नाही आणि जीपच्या चाकोऱ्या सगळीकडे. समला गेलातच तर पहाटे निघा. तेव्हा कॅम्प झोपलेला असतो आणि वाळू जवळजवळ तुमची एकट्याची.

खुरीही जैसलमेरपासून जवळपास तेवढंच, पण नैऋत्येला. टेकड्या समपेक्षा बुटक्या, म्हणून काही जण नाक मुरडतात. मला विचाराल तर पायी फिरणाऱ्यासाठी हेच गाव. मातीच्या घरांतून बाहेर पडलं की थोड्याच वेळात वाळू लागते. मध्ये गाडीचं काम नाही. तापी-गिरणेच्या वाळूत वावरलेल्यालाही इथली कोरडी, बारीक वाळू दमवते. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा चढ सौम्य आणि वाळू दाबलेली, तिथून चढायचं. पलीकडची बाजू साधारण ३४ अंशांत घसरते, तिथे पाऊल घोट्यापर्यंत रुततं. शक्यतो माथ्याच्या धारेवरूनच चालावं. सकाळी उन्हं चढेपर्यंत एक फेरी, दुपारी खेजडीच्या सावलीत पडी (खेजडी म्हणजे आपली शमीच), चारनंतर पुन्हा बाहेर. वाटेत रुई, फोग आणि ते वैतागवाणं भरूट गवत. त्याचे काटे मोज्यात असे शिरतात की तासभर वेचत बसावं. सकाळच्या वाळूवर किड्यांच्या, उंदरांच्या पावलांची नक्षी असते, क्वचित कोल्ह्याची. हा सगळा ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कचा परिसर. माळढोक दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका.

धोरडोचं गणितच वेगळं. भुजपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, वाटेत परवाना काढायचा. इथे वाळू नाही, मीठ आहे. पावसाळ्याचं पाणी आटायला वेळ लागतो, त्यामुळे डिसेंबरच्या मध्याआधी गेलात तर चिखल तुडवण्याची तयारी ठेवा. चढ-उतार नाही, वळण नाही. पायी फिरण्याची हौस असलेला अर्ध्या तासात कंटाळतो. पण सूर्यास्त तिघांतला सर्वांत भारी इथलाच. क्षितिज सपाट, मध्ये काडीचाही अडथळा नाही. डिसेंबरात इथला सूर्य जळगावपेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा मावळतो, तेव्हा घाई नको. गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर डोळे मिटून धोरडो निवडा. कच्छमधल्याच काळा डुंगर या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे, तिथे कोल्ह्यांना प्रसाद ठेवतात. आजी-आजोबांना तेही आवडेल.

प्रवासातही कच्छ आपल्याला सोपं. सुरतमार्गे अहमदाबाद गाठलं की भूज साधारण सव्वातीनशे किलोमीटर, जैसलमेर सव्वापाचशेच्या आसपास. चारच दिवसांची रजा असेल तर जैसलमेरचा हट्ट धरू नये.

चांदणं बघूनच तारीख ठरवा. रणात पौर्णिमा गाठायची, खुरीला अमावस्या, कारण तिथे तारे बघायचे असतात. माघी पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरू महोत्सव असतो. शांतता हवी असेल तर तो आठवडा टाळा.

आपल्याला जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांची सवय, थंडीची नाही. जानेवारीत थारमध्ये रात्री पारा एक आकडी होतो आणि तंबूच्या कापडातून वारा शिरतो. स्वेटर नव्हे, जाड जॅकेट न्या. जेवणात दाल-बाटीचं फार कौतुक करतील. वरण-बट्टी आपण घरी खातोच, त्यापेक्षा केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी मागा.

बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: तुमच्या कॅम्पपासून टेकडी पायी किती मिनिटांवर आहे? 'जीपने नेऊ ना साहेब' असं उत्तर आलं, तर दुसरा कॅम्प शोधा.